दोन पिशव्या कागद आणि एक लेकरू: बधिरांधत्व उशिरा ओळखलं गेल्याचं एक प्रकरण

हे प्रकरण कोण्या एका घराचं नाही. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात ज्यांच्या लेकराचं दिसणं आणि ऐकणं दोन्ही अधू आहे, अशा कुटुंबांच्या हकिकती एकत्र करून ते जुळवलं आहे. गाव सांगितलेलं नाही, तारखा आणि घरचे तपशील बदलले आहेत. तपासण्या कोणत्या क्रमाने झाल्या आणि गाडी कुठे कुठे अडली, ते मात्र जसं घडतं तसंच ठेवलं आहे. मुलीला घरात छकुली म्हणतात. इथेही तेच नाव.

छकुली विशेष शिक्षिकेसमोर पहिल्यांदा आली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, २ वर्षं १ महिन्याची असताना. बसायची, भिंतीला धरून उभी राहायची, चालत नव्हती. चमचा तोंडाजवळ आला की मान फिरवायची. बाटलीतलं दूध आणि आजीच्या बोटावरचा मऊ वरणभात, एवढंच पोटात जायचं. दिवसा झोप, रात्री जागरण. जागी असली की दाराच्या उजेडाकडे तोंड करून डोळ्यांपुढे बोटं नाचवत बसायची, नाहीतर अंगठा डोळ्यात दाबून धरायची. अनोळखी हात लागला की अंग ताठ करून किंचाळायची.

आईने सोबत दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. एकीत डोळ्यांचे कागद, दुसरीत हृदयाचे आणि कानाचे. डोळ्यांच्या एकाही कागदावर कानाचा उल्लेख नव्हता. कानाच्या रिपोर्टमध्ये ‘इतर’ या रकान्यात नुसती आडवी रेघ. दोन वर्षांत आशाताईपासून मोठ्या शहरातल्या सर्जनपर्यंत कितीतरी जणांनी या मुलीला तपासलं होतं आणि बहुतेकांनी आपापलं काम चोख केलं होतं. तरीही हे मूल बधिरांध आहे, हे वाक्य त्या दोन्ही पिशव्यांत कुठेच नव्हतं.

फडावरचा ताप

छकुलीची आई २००१ सालची. शाळा सातवीत सुटली, लग्न लवकर झालं, आणि दिवाळी आटोपली की नवऱ्याबरोबर उसाच्या फडावर जाणं सुरू झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल त्या कोयत्यावर असते, म्हणजे दोघांनी मिळून फेडायची असते. बाईला दिवस गेलेत म्हणून उचलीत सूट मिळत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये ती तिसऱ्या महिन्यात होती. कोपींवर, म्हणजे फडाजवळच्या तोडकऱ्यांच्या झोपड्यांत, आधी पोरांना आणि मग तिच्यासह दोन-तीन बायकांना बारीक ताप आला, अंगावर पुरळ उठलं, कानामागच्या गाठी सुजल्या. ‘गोवर निघाला’ म्हणून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. तीन दिवसांत पुरळ गेलं. ती एक दिवस घरी बसली आणि दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधायला गेली. रुबेलाचा, म्हणजे जर्मन गोवराचा, आजार असाच असतो. मोठ्या माणसाला तो फारसा त्रास देत नाही, म्हणून लक्षातही राहत नाही. पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तो झाला तर विषाणू गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. गर्भाचे डोळे, कान आणि हृदय याच काळात घडत असतात. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता, हा संबंध सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवून दिला होता.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. वयोगट ९ महिने ते १५ वर्षं. छकुलीची आई तेव्हा सतरा वर्षांची होती. ती लहान असताना नेहमीच्या लसीकरणात रुबेला नव्हता आणि मोहीम आली तेव्हा तिचं वय उलटून गेलं होतं. या मधल्या पट्टीतल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

एप्रिलमध्ये गावी परतल्यावर सातव्या महिन्यात तिची नोंद झाली. रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. फडावर कधी ताप आला होता का, पुरळ उठलं होतं का, हे कोणी विचारलं नाही आणि तिलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

पहिलं वर्ष

जुलै २०२२. वजन १ किलो ९०० ग्रॅम. नवजात शिशू अतिदक्षता कक्षात काही दिवस, मग सुट्टी. सुट्टीच्या वेळी डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यात वेगळा आवाज ऐकू आला. इको केल्यावर कळलं की हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी, जन्मानंतर आपोआप मिटायला हवी अशी नळी उघडीच राहिली आहे. घरात धास्ती बसली. ‘लेकराच्या काळजाला भोक आहे’ असं गावभर झालं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की पहिल्या ४२ दिवसांत आशाताईच्या सहा भेटी असतात. त्या झाल्या. वजन, स्तनपान, अंगाची ऊब, सगळं नोंदलं गेलं. पण मोतीबिंदू ओळखला आजीने, दोन महिने भरता भरता, बाळाला दारात उन्हाला घेऊन बसली असताना. “बाहुलीत पांढरं दिसतंय वो, दोन्हीकडं,” असं ती आशाताईला म्हणाली. आशाताईने लगेच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवलं. पथकाने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं आणि तिथून मोठ्या रुग्णालयात. इथपर्यंत यंत्रणा चांगली चालली, हे मान्य केलं पाहिजे. हाच कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधून देशभर सुरू झाला. त्याच्यामुळे जन्मजात दोष असलेली अनेक मुलं वेळेत ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचली आहेत.

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा. जन्मजात रुबेला बाधेच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आहेत. त्यांच्या पहिल्या गटात चार गोष्टी येतात: जन्मजात मोतीबिंदू किंवा काचबिंदू, जन्मजात हृदयदोष, बहिरेपणा, आणि दृष्टिपटलावरचे विशिष्ट डाग. यांपैकी कोणत्याही दोन असल्या तर लक्षणांवरून निदान पक्कं धरतात. छकुलीकडे दोन महिन्यांची असतानाच दोन होत्या. बहिरेपणा हा तर या बाधेत सर्वांत जास्त आढळणारा दोष. म्हणजे हृदयाचा इको आणि डोळ्यातलं पांढरं हे एका माणसाने एका टेबलावर बघितलं असतं, तर कानाची तपासणी त्याच आठवड्यात लिहिली गेली असती. पहिल्या सहा महिन्यांत रक्तातली रुबेलाची आयजीएम (ताजा संसर्ग दाखवणारी) चाचणी करून खात्रीही करता येते. पुढे ती संधी हळूहळू निघून जाते. इथे ती गेलीच.

(जाता जाता: अशा बाळाच्या लाळेतून, लघवीतून विषाणू वर्षभर बाहेर पडू शकतो. आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत शेजारी कोण बसलेलं असतं? गरोदर बाया.)

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत ३० आजार आणि दोष आहेत. जन्मजात मोतीबिंदू त्यात आहे, जन्मजात बहिरेपणा आहे, जन्मजात हृदयरोगही आहे. प्रत्येकाची ओळ वेगळी, पुढे पाठवण्याचं ठिकाण वेगळं. छकुली या यादीत तीनदा बसते. तीन ओळी एकाच मुलात आल्या तर काय, याची ओळ यादीत नाही.

हृदयाची नळी नोव्हेंबरमध्ये बंद केली. भूल द्यायला वजन पुरेसं हवं म्हणून डोळे थांबले. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत व्हावी असं मानतात, कारण मेंदूचं बघायला शिकणं तेव्हाच सुरू होतं. छकुलीची झाली पाचव्या-सहाव्या महिन्यात. तोवर बुबुळं सारखी थरथरायला लागली होती. हृदय आधी करण्याचा डॉक्टरांचा निर्णय मला बरोबरच वाटतो. त्या वजनाच्या बाळाला भूल देणं सोपं काम नाही. पण कानाच्या तपासणीला ना भूल लागते, ना वजन. वाट बघण्याच्या त्या तीन महिन्यांत ती सहज झाली असती. विचारलं तर उत्तर मिळायचं, “डोळ्यांचं होऊ द्या, मग कानाचं बघू.”

घरच्यांना ऐकण्याची शंका नव्हती असं नाही. पण आजीकडे पुरावा होता: “ऐकत नाही कसं म्हणता? ताट पडलं की दचकतंय की लेकरू.”

आई त्या हंगामात गावीच राहिली. बाप अर्ध्या कोयत्यावर गेला आणि उचल अंगावर राहिली.

बेरा

वर्षाची झाली तरी छकुली हाकेला वळत नाही, हे अंगणवाडीच्या बाईंनी पथकाच्या फेरीत सांगितलं. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, त्यातली ती फेरी. तिथून जिल्ह्याला बेरा चाचणीसाठी चिठ्ठी. बेरामध्ये डोक्याला तारा लावून आवाजाला मेंदूकडून प्रतिसाद येतो का, ते बघतात. त्यासाठी मूल शांत झोपलेलं लागतं. रात्रभर जागून पहाटेच्या एसटीने निघालेली छकुली तपासणीच्या खोलीत पोहोचली ती टक्क जागी. झोपेचं औषध दिलं तर ओकून टाकलं. पुढची तारीख मिळाली नोव्हेंबरची.

नोव्हेंबर म्हणजे फड. या वेळी अख्खा कोयता गेला, छकुलीला घेऊन. कोपीच्या धुरात, पाचटात, ऑपरेशननंतरचा जाड भिंगांचा चष्मा कुठेतरी पडला आणि फुटला. बेरा झाली मे २०२४ मध्ये, बावीस महिन्यांची असताना. उजव्या कानात ९० डेसिबललाही प्रतिसाद नाही, डाव्यात ८० ला क्षीण.

नवजात बाळाच्या ऐकण्याबाबत जगभर एक साधा नियम मानतात: चाळणी तपासणी १ महिन्याच्या आत, पक्कं निदान ३ महिन्यांच्या आत, उपचार आणि शिकवणं ६ महिन्यांच्या आत. छकुलीच्या बाबतीत १, ३, ६ च्या जागी जे आकडे पडले, त्यांना रुग्णालयाइतकंच ऊसतोडीचं वेळापत्रक जबाबदार आहे. साखर कारखान्याचा हंगाम आणि दवाखान्याच्या तारखा एकमेकांना ओळखत नाहीत.

एकमेकांना खोडणारे दोन सल्ले

डोळ्यांच्या पिशवीत पालकांसाठी एक छापील पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं: बाळाला कमी दिसतं, म्हणून त्याच्याशी सतत बोला, आवाजाची खेळणी द्या, आवाजाच्या दिशेने रांगायला लावा. कानाच्या पिशवीतही पत्रक होतं: बाळाला कमी ऐकू येतं, म्हणून त्याच्या समोर बसा, ओठांची हालचाल दाखवा, चित्रं दाखवून बोला. दोन्ही पत्रकं आपापल्या जागी अगदी बरोबर. छकुलीच्या घरी मात्र दोन्ही रद्दी.

अंध मूल कानाने जगाशी जोडलेलं राहतं, बधिर मूल डोळ्याने. दोन्ही अधू असलं की जे उरतं ते स्पर्श, वास, कंप आणि जे थोडंफार दिसतं-ऐकू येतं ते. बहुतेक बधिरांध मुलांकडे असं थोडंफार असतंच. छकुलीकडेही आहे. पण आई खोलीत आली, भाकरीचा वास कुठून आला, आता अंघोळ की दवाखाना, हे इतर मुलांना न शिकवता कळतं आणि या मुलांना कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक स्पर्श अचानक येतो. अंग ताठ करून किंचाळण्याला दवाखान्याच्या कागदावर ‘मतिमंदत्वाची शंका’ असं लिहिलं होतं. अचानक कोणीतरी उचलून नाकातोंडावर गार पाणी ओतलं तर कोणतंही शहाणं माणूस जसं वागेल, तशी ती वागत होती.

नातेवाईक, कधी डॉक्टरसुद्धा, अशा वेळी बधिरांध असून जगप्रसिद्ध लेखिका झालेल्या हेलन केलरचं नाव घेतात. धीर द्यायलाच घेतात, पण ते टाळावं असं माझं मत आहे. हेलन केलर १९ महिन्यांची होईपर्यंत पाहत होती, ऐकत होती, दोन-चार शब्द बोलत होती. तिची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन तिच्या घरी मार्च १८८७ मध्ये आली तेव्हा ती सात वर्षांची व्हायची होती आणि तो सगळा पाया आत कुठेतरी होता. जन्मापासून बधिरांध असलेल्या मुलाचा रस्ता वेगळा आहे. पंपाच्या पाण्याखाली हात धरून हेलनला ‘पाणी’ हा शब्द उमगला, त्या प्रसंगापाशी पोहोचण्याच्या खूप आधी तो सुरू होतो. छकुलीसारख्या मुलांबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंचसं रुबेलानेच शिकवलं. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर सुमारे २० हजार बाळं जन्मजात रुबेला बाधेसह जन्मली आणि १९६८ मध्ये तिथे बधिरांध मुलांसाठी प्रादेशिक केंद्रांचा कायदा झाला. नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी रुबेलाग्रस्त मुलांबरोबर काम करतानाच स्पर्श, हालचाल आणि वस्तूंच्या खुणांवर उभी असलेली पद्धत बांधली. आपल्याकडे मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूटने १९७७ मध्ये हे काम सुरू केलं. अहमदाबादची सेन्स इंडिया १९९७ पासून ठिकठिकाणच्या संस्थांना आणि शिक्षकांना यात तयार करते. छकुलीची शिक्षिका अशाच प्रशिक्षणातून आलेली, एका छोट्या संस्थेची.

आजीची शाळा

शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येऊ लागली. सुरुवातीला तिने मुलीला काहीच शिकवलं नाही. आजीला विचारत बसली: हिला काय कळतं? आजीने आधी “काय कळणार” म्हणून हात उडवला, मग एकेक सांगू लागली. मशेरीच्या वासाने मला ओळखते. हातातल्या बांगड्या चाचपते. बाजेवर कोणी टेकलं की तिकडे सरकते. बाप मोटारसायकलच्या टाकीवर बसवून गाडी चालू करतो तेव्हा खदखदून हसते. शिक्षिकेने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “आजी, झाली की तपासणी. एवढं तर एकाही रिपोर्टात नाही.”

ताटाचाही निकाल लागला. शिक्षिकेने छकुलीच्या पाठीमागे दोन ताटं हवेत एकमेकांवर जोरात आपटली. शेजारची म्हातारी दचकली, छकुली नाही. तेच ताट फरशीवर पाडलं, तर छकुली दचकली. ती आवाज ऐकत नव्हती, फरशीचा धक्का तिला अंगात कळत होता. आजी बराच वेळ ते ताट हातात घेऊन बसली आणि मग “मग हाकच मारायची तर पायानं मारावी का?” असं तिने विचारलं. शिक्षिकेला हवं होतं ते हेच. तेव्हापासून छकुलीजवळ जाताना आजी आधी बाजेवर हलकं थोपटते, मग तिच्या खांद्याला हात लावते, मग बांगड्या तिच्या हाताला लावते. त्यानंतरच उचलते. आई आली तर मंगळसूत्राचे मणी, बाप आला तर गाडीची किल्ली. घरातल्या प्रत्येक माणसाला नाव मिळालं आणि महिनाभरात किंचाळणं बरंच कमी झालं.

दुसरा बदल हातांचा. आपण सगळेच लहान मुलाचं मनगट धरून त्याचा हात वस्तूकडे ओढतो. ज्या मुलाचे हात हेच डोळे आहेत त्याचं मनगट धरणं म्हणजे डोळे झाकणं. शिक्षिकेने आपला हात मुलीच्या हाताखाली सरकवायला शिकवलं. आजी कणीक मळते, छकुलीचे हात आजीच्या हातांवर. नको वाटलं तर ती काढून घेऊ शकते. पहिले काही आठवडे ती काढूनच घ्यायची. कणकेचा गिळगिळीतपणा तिला अजून आवडत नाही, कोरडं पीठ आवडतं.

मग वस्तू आल्या. जेवणाआधी स्टीलची वाटी हातात, अंघोळीआधी तांब्या, झोपण्याआधी जुन्या गोधडीचा तुकडा. तीनच, रोज त्याच, आणि प्रत्यक्ष गोष्ट घडण्याच्या जरा आधी. काम झालं की वस्तू ‘संपलं’च्या टोपल्यात टाकायची आणि दोन्ही तळहात एकमेकांवरून पुसल्यासारखे फिरवायचे. चारेक महिन्यांनी छकुलीने भुकेच्या वेळी स्वतः चाचपत वाटी शोधली आणि बाजेच्या लोखंडी पट्टीवर आपटली. तिने स्वतः मागितलेली ही पहिली गोष्ट.

उरलेल्या दृष्टीचंही काम झालं. छकुली दाराकडे तोंड करून बसायची तेव्हा उजेड डोळ्यांत भरून समोरचं काहीच दिसत नव्हतं. तिची बैठक फिरवून उजेड पाठीमागून येईल अशी केली, पुढ्यात काळं कापड आणि त्यावर चकचकीत वाटी. नवा चष्मा लावला की हातभर अंतरावरची वाटी ती आता बघून उचलते. चष्मा टिकवण्याचं शास्त्र कोणत्याही संस्थेकडे नाही. इथे तो आजीने डोक्यामागून इलॅस्टिकच्या पट्टीने बांधला. डाव्या कानाचं श्रवणयंत्र तिने पहिल्या आठवड्यात पाण्याच्या हंड्यात टाकलं. दुरुस्तीला महिना गेला.

मणी

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा फडाचे दिवस आले. या वेळी छकुली आजीजवळ राहणार, आई-बाप जाणार असं ठरलं. शिक्षिकेचं म्हणणं, आई जातेय हे मुलीला कळलं पाहिजे. नाहीतर तिच्यासाठी आई एका सकाळी नाहीशीच होईल. पद्धतीप्रमाणे आईची खूण, म्हणजे मंगळसूत्राचा मणी, ‘संपलं’च्या टोपल्यात टाकायला हवा.

आजी कडाडली. सवाशिणीचा मणी टोपल्यात टाकून ‘संपलं’ म्हणायचं? ते या घरात होणार नाही. शिक्षिकेने पुस्तकातलं पटवायचा प्रयत्न केला, पण मग तिच्याही लक्षात आलं की आजीचं म्हणणं पद्धतीच्या दृष्टीनेही खरं आहे. आई संपलेली नाही, गेलेली आहे आणि परत येणार आहे. मग तिसरी जागा केली. भिंतीला एक कापडी खिसा शिवला, त्यात आई ऊस तोडताना डोक्याला बांधते तो रुमाल. रोज संध्याकाळी छकुलीचा हात तिथे न्यायचा, रुमाल चाचपायचा, परत ठेवायचा. ही कोणत्याही प्रशिक्षणात नसलेली गोष्ट सासू आणि शिक्षिकेच्या भांडणातून निघाली. मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली योजना वाटते.

एप्रिलमध्ये आई परतली तेव्हा छकुलीने तिला लगेच ओळखलं, असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. पहिले काही दिवस ती आईच्या हातात ताठच व्हायची. आईला वाईट वाटलं, आणि त्याहून अवघड म्हणजे आता सुनेला सासूकडून शिकावं लागणार होतं: हात कसा सरकवायचा, वाटी कधी द्यायची. शिक्षिकेने हुशारी केली. अंघोळ आणि तांब्या पूर्णपणे आईकडे दिले आणि आजीला त्या वेळी देवळात जायला लावलं.

कागदांचं

सरकारी बाजू थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. बधिरांधत्व त्यात वेगळं नाही, बहुविकलांगतेच्या पोटात आहे. त्यामुळे नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ अशा दोघांचं मूल्यमापन एका प्रमाणपत्रावर यावं लागतं. छकुलीचं पहिलं प्रमाणपत्र फक्त अंधत्वाचं निघालं, कारण त्या दिवशी कानाचे डॉक्टर नव्हते. ते बदलून घेतल्यावर राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घालता आलं. त्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो. कायद्याच्या कलम १६ मध्ये अंध, बधिर ‘किंवा दोन्ही’ असलेल्यांना योग्य भाषेत आणि योग्य माध्यमातून शिक्षण द्यावं, असं स्पष्ट आहे. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र ६ व्या वर्षी सुरू होतो. त्याआधीची सगळी वर्षं आरोग्य खात्याच्या हवाली, आणि आरोग्य खात्याचं काम तपासून पुढे पाठवण्याचं. घरी येऊन हाताखाली हात सरकवणारं माणूस कोणत्याच खात्याचं नाही. २०२१ मध्ये देशात १४ ठिकाणी सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली, मुंबईचं त्यातलं एक. एसटीने मुंबई गाठणं या घराला एकदा जमेल, दर आठवड्याला नाही.

जिल्ह्याजिल्ह्यात नवी इमारत हवी असं मला म्हणायचं नाही. एवढाच नियम हवा: शून्य ते सहा वयाच्या मुलाच्या डोळ्यात किंवा कानात मोठा दोष सापडला की महिन्याच्या आत दुसऱ्या इंद्रियाची तपासणी झालीच पाहिजे, आणि ती झाली की नाही हे बघणारं एकच नाव फाइलच्या पहिल्या पानावर असावं. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात समन्वयकाचं पद असतंच.

आज

छकुली आता साडेतीन वर्षांची आहे. भिंत धरून आणि आजीचा पदर धरून चालते. सात वस्तू आणि चार स्पर्शखुणा तिला कळतात. ‘अजून’ ही खूण ती स्वतःहून करते, बहुतेक वेळा गुळासाठी. खिचडी चमच्याने खाते. रात्रीची झोप अजून सुधारलेली नाही. डोळ्यात अंगठा दाबणं अधूनमधून चालू आहे. अशा मुलांत काचबिंदू, मधुमेह, थायरॉइडचे विकार पुढेही उद्भवू शकतात, उरलेलं ऐकणंही घटू शकतं, म्हणून तपासण्या थांबवता येत नाहीत.

कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रिया करून आतल्या कानात बसवायच्या श्रवणयंत्राचा, निर्णय व्हायचा आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत तो मोफत होऊ शकतो, पण वयाची अट ५ वर्षांची आहे, म्हणजे जुलै २०२७. कानाचे डॉक्टर म्हणतात लवकर करा. शिक्षिका कचरते, कारण इम्प्लांटनंतर दीड-दोन वर्षं दर आठवड्याला प्रशिक्षण लागतं आणि घर सहा महिने फडावर असतं. माझं मत करावा असं आहे, एका अटीवर: वस्तू आणि स्पर्शखुणा बंद करायच्या नाहीत. काही ठिकाणी इम्प्लांटनंतर खुणा सोडायला सांगतात. ज्या मुलीला ओठ दिसत नाहीत आणि रात्री यंत्र काढून ठेवल्यावर काहीच ऐकू येत नाही, तिच्या बाबतीत तो सल्ला चुकीचा ठरेल.

मे महिन्यात भूल देऊन डोळ्यांचा दाब तपासायचा आहे. कानाच्या आतल्या रचनेचा एमआरआयही त्याच भुलेत उरकावा, म्हणून शिक्षिकेने दोन्ही विभागांना एकच पत्र दिलं आहे. डोळ्यांच्या विभागाने तारीख दिली, कानाच्या विभागाचं उत्तर यायचं आहे. एमआरआयमध्ये कानाची नस ठीक निघाली, तरच पुढची गोष्ट. आणि मुकादम पावसाळ्यात उचल घेऊन दारात येईल, त्याच्या आत घरच्यांना ठरवावं लागेल की या वर्षी उचल दोघांची घ्यायची की एकट्या बापाची. अर्ध्या कोयत्याला उचल निम्म्याहूनही कमी मिळते, आणि मागची अजून फिटलेली नाही.